शिबिरातला शनिवार

लातूरहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. चांगलं चार पानी. अक्षर घाईचं, मधेच एके ठिकाणी फोडणीचा पिवळा डाग. म्हणजे स्वयंपाक करता करता लिहिलेलं. त्या लिहितात, मुलगी नववीतून दहावीत गेली. क्लासची सुट्टीतली बॅच सुरू झाली आहे. सकाळी सात ते अकरा, पुन्हा संध्याकाळी दोन तास, आणि रविवारी पेपर. मामेबहीण मे महिन्यात आठ दिवसांच्या शिबिराला निघाली, म्हणून हिनंही हट्ट धरला आहे. वडील म्हणतात, आठ दिवसांत चार धडे होतात. सासूबाई म्हणतात, पोरीच्या जातीनं परक्या ठिकाणी आठ रात्री कशाला काढायच्या? ‘मी दोघांच्या मधे सापडले आहे. ताई, पाठवू का?’

पाठवा. उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत ताटकळायला नको. पण का पाठवा आणि कसल्या शिबिराला पाठवा, हे सांगायला मला जरा लांबून यावं लागणार आहे, थेट अलिबागहून. तेवढा धीर धरा.

यांची बँकेची नोकरी, त्यामुळे आम्ही बरीच गावं हिंडलो. अलिबागला होतो तेव्हा आमच्या ओळखीत एक आजी होत्या. नऊवारी नसली तरी साडी आपल्यासारखीच, बोलणं अस्सल कोकणी वळणाचं मराठी, हातची पुरणपोळी अशी की आपण लाजावं. मला पहिले दोन महिने कळलंच नाही, की आजी ज्यू आहेत. आपल्याकडे नांदेड-लातूरला कुणाला ही मंडळी फारशी माहीत नसतात, म्हणून थोडं सांगते. बेने इस्राएल म्हणतात त्यांना. फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांचा हा वंश, अशी त्यांची परंपरागत कथा. कोकणातल्या गावांवरून त्यांची आडनावं पडली: पेणकर, रोहेकर, किहीमकर, झिराडकर, दिवेकर. धंदा तेलाच्या घाण्याचा. शुक्रवारी दिवस मावळला की घाणा थांबायचा तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. म्हणून गावानं नाव ठेवलं, ‘शनिवार तेली’.

मला या नावाचं फार नवल वाटतं. शेकडो वर्षं ही माणसं आपल्या बाकीच्या ज्यू भाईबंदांपासून तुटलेली होती. हिब्रू भाषा विसरली, पोथ्या राहिल्या नाहीत. ‘शमा’ नावाची एक प्रार्थना तेवढी तोंडी उरली. आणि उरला शनिवार. त्यांचा देव कोण, धर्म कोणता हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगता आलं नसतं, पण त्यांचा घाणा कुठल्या दिवशी बंद, हे सगळ्या गावाला पाठ!

त्या आजींची शुक्रवारची धांदल मी डोळ्यांनी बघितलेली आहे. दुपारपासून घर झाडून पुसून घ्यायचं. दोन वेळचं रांधून ठेवायचं, कारण शब्बाथला, म्हणजे त्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, विस्तव पेटवायचा नाही. मटणाच्या रश्शात नारळाचं दूध, कारण मांसाबरोबर गाई-म्हशीचं दूध त्यांना चालत नाही. काळ्या मनुका भिजवून त्यांचं सरबत, ते द्राक्षाच्या दारूच्या जागी. मग दिवे लागले की आजी ज्या बसायच्या, त्या बसायच्या. कुणी आलं, गेलं, पेल्यात पाणी नाही, त्यांचं काही उठणं नाही. मी एकदा भोळेपणानं विचारलं, ‘आजी, कंटाळा नाही येत?’ तर म्हणाल्या, ‘अगं, कंटाळा यायला आधी बसायला तर मिळालं पाहिजे! तुला मिळतं का?’

मी गप्प. मैत्रिणींनो, तुम्हीही गप्पच राहिला असतात.

आता शिबिराकडे येते. त्या आजींची नात मुंबईला असे. मुंबईत ज्यू मुलांची शिबिरं भरतात. १९१४ साली स्थापन झालेली ‘जॉइंट’ म्हणून एक जुनी ज्यू मदतसंस्था आहे, तिचा अशा कामांना हातभार असतो. तर ही नात आठ-दहा दिवस शिबिराला जाऊन आली आणि तिथून सुट्टीत आजीकडे. शुक्रवारी पोरीनं पदर खोचला, म्हणजे ओढणी कमरेला बांधली, आणि केर काढायला घेतला. धाकट्या भावाच्या हातात फडकं दिलं. तो कुरकुरला, तर त्याला म्हणाली, ‘शिबिरात मुलगेपण पुसतात. चक्र फिरेल तसं काम.’ आजींना आधी वाटलं, पोर आजारीबिजारी पडली का काय! आई रोज ओरडते तेव्हा हलत नाही ती आठ दिवसांत कशी हलली? आजींनी मला विचारलं, तेव्हा मला काही सांगता आलं नाही. पुढे मिळेल तिथून वाचत गेले, तशी थोडी उमज पडली.

ज्यू लोकांत उन्हाळी शिबिराची चाल जुनी आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या दाटीवाटीच्या वस्तीत नव्यानं आलेली गरीब ज्यू कुटुंबं राहत. तिथल्या पोरांना उन्हाळ्यात जरा मोकळी हवा मिळावी, म्हणून १९०२ साली ‘सरप्राइज लेक कॅम्प’ सुरू झाला. सुरुवातीला हेतू एवढाच, की मुलांनी चार घास पोटभर खावेत, पाण्यात डुंबावं. पुढे मोठ्या माणसांच्या लक्षात आलं, की वर्षभर रविवारच्या धर्मशाळेत बसवून जे मुलांच्या डोक्यात जात नाही, ते या तंबूंतून आपोआप जातं आहे. मग १९४७ साली विस्कॉन्सिन राज्यात ‘रामा’ नावाच्या शिबिरांपैकी पहिलं भरलं. तिथं हेतू उघडच तो होता. मुलांनी हिब्रू बोलावं, सणवार पाळावेत, पण ते खेळता-पोहताना.

त्यांची रीत अशी. राहायच्या खोल्यांची सफाई रोज मुलांनीच करायची, तिला ‘निकायोन’ म्हणतात. एक पुठ्ठ्याचं चक्र टांगलेलं असतं, ते रोज एक घर फिरवायचं. आज केर कुणाचा, उद्या न्हाणीघर कुणाचं, ते चक्र सांगतं. ताईनं सांगितलं तर राग येतो, चक्राचा राग कुणाला येणार! जेवण झाल्यावर पुष्कळ ठिकाणी ताटांत टाकलेलं अन्न एका डब्यात गोळा करून तराजूवर मोजतात आणि आकडा फळ्यावर लिहितात. काल एवढं, आज एवढं. कुणी व्याख्यान देत नाही, पण आठवड्यात आकडा खाली येतो. यामागे त्यांची एक जुनी आज्ञा आहे. वेढा घातलेल्या शत्रूच्या गावाचीसुद्धा फळझाडं तोडू नका, अशी. तिचा अर्थ पुढच्या शास्त्र्यांनी वाढवत नेला, की उपयोगाची कुठलीच वस्तू नासू नये. अन्न नाही, कापड नाही, पाणी नाही. लातूरच्या माझ्या वाचक मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी त्या उन्हाळ्यात भाजी धुतलेलं पाणी झाडाला आणि अंघोळीचं पाणी संडासाला वापरलेलं आहे. त्या वेळी जी मुलं सात-आठ वर्षांची होती, ती आजही नळ गळका ठेवत नाहीत, असं मी माझ्या भाचीच्या घरी बघते.

आणि मग शुक्रवार. दुपारपासून सगळ्या शिबिराचा नूर पालटतो. खेळ लवकर आवरतात, अंघोळीला रांगा, पुष्कळ ठिकाणी त्या संध्याकाळी सगळे पांढरे कपडे घालतात. दिवे लावायचे, गाणी म्हणत जेवायला जायचं, टेबलं बडवून बडवून गायचं. शनिवारी कार्यक्रमांची ती रोजची धावाधाव नाही. वाचा, लोळा, मैत्रिणीशी गप्पा मारा, नदीकाठी बसा. जुन्या रिवाजानं चालणाऱ्या शिबिरांत त्या दिवशी स्वयंपाक नाही, लिहिणं नाही, विकणं-विकत घेणं नाही. त्यांच्या शास्त्रात एकोणचाळीस प्रकारची कामं वर्ज्य सांगितली आहेत. शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले, की वेणीसारखी पीळ घातलेली मेणबत्ती लावायची, लवंग-दालचिनीसारखा सुवासिक मसाला एकमेकांना हुंगायला द्यायचा आणि मेणबत्ती विझवायची. झाला आठवडा सुरू.

युरोपातली एक गोष्ट मला फार आवडली. हंगेरीत सार्वाश नावाचं गाव आहे. तिथं १९९० पासून मोठं आंतरराष्ट्रीय ज्यू शिबिर भरतं, भारतातूनही मुलं तिथं गेलेली आहेत. त्या पूर्व युरोपातल्या देशांत आधी हिटलरचा संहार झाला, मग चाळीस वर्षं कम्युनिस्टांचं राज्य. आईबापांनी भीतीनं धर्म लपवला, पुढे विसरले. त्यांची मुलं शिबिरात शुक्रवारचा दिवा लावायला शिकली आणि घरी येऊन आईला म्हणाली, आई, असं करतात. म्हणजे गंगा उलटी वाहिली! आपण म्हणतो, आईनं मुलीला शिकवायचं. तिथं मुलीनं आईला शिकवलं.

आता गंमत ऐका. या विश्रांतीच्या आज्ञेत एक यादी आहे, कुणी काम करायचं नाही याची. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा गडी, तुझी मोलकरीण, तुझी गुरं, तुझ्या दाराशी आलेला परका. मी यादी दोनदा वाचली. बायको नाही! मोलकरीण आहे, गाढव-बैल आहेत, बायको कुठेच नाही. शास्त्री सांगतात, की ‘तू’ म्हटलं त्यातच नवरा-बायको दोघं आली. येवोत बिचारी. पण आजींना मी ही यादी दाखवली असती, तर त्या खात्रीनं म्हणाल्या असत्या, म्हणूनच शुक्रवारी माझी कंबर मोडायची. खरं तेच. शनिवारी बसायला मिळावं म्हणून शुक्रवारी बाईनं दुप्पट राबायचं, यात बाईची सुट्टी कुठली? तिची सुट्टी खरी कधी होते, तर शुक्रवारचा केर नातीनं काढला आणि फडकं नातवानं मारलं तेव्हा. त्या शिबिरातल्या चक्राचं मोल मला तिथं कळलं.

या यादीतल्या बैलावरून आपला पोळा आठवतो. श्रावणी अमावास्येच्या आदल्या दिवशी खांदेमळणी, बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावायची, दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही, पुरणपोळी खायला घालायची. माझं माहेर कंधार तालुक्यातलं. आमची आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, ‘बैलाला वरसातून एक तरी दिवस हाय. आपल्याला तेबी न्हाई.’ आम्ही पोरी हसायचो. आता हसू येत नाही, कारण आपण पोरांचंही तेच करून ठेवलं आहे. लातूर पॅटर्ननं डॉक्टर-इंजिनियर घडवले, त्याचा मलाही अभिमान आहे. नांदेडही त्यात मागं नाही. माझ्या गल्लीत पहाटे साडेपाचला सायकली निघतात. पण ज्या मुलीला सोमवार ते शनिवार क्लास, रविवारी पेपर आणि पेपर झाला की त्याच्या चुका, तिला आठवड्याचा सातवा दिवस कुठे गेला हे कुणी सांगावं? त्याच आज्ञेचं एक कारण त्यांच्या ग्रंथात दिलं आहे, ते मनात घर करून राहतं. तुम्ही मिसर देशात गुलाम होतात हे आठवा, असं. सुट्टी नसते ती गुलामाला.

म्हणून भगिनी, मुलीच्या बाबांना सांगा, चार धडे जूनमध्ये होतील. सासूबाईंची काळजी मात्र झटकून टाकू नका, ती खरी आहे. मुलींच्या राहण्याची सोय वेगळी आहे का, रात्री तिथं बाईमाणूस कोण असतं, जवळ दवाखाना कोणता, घरी फोन कधी करू देतात, हे तुम्ही स्वतः जाऊन विचारून या. नुसत्या छापील पत्रकावर जाऊ नका. आणि सासूबाईंनाही बरोबर न्या. बघितलं की निम्मी भीती जाते.

आणखी काही विचारा. दिवसाचं वेळापत्रक मागा. आमच्या धाकट्याला मी एकदा एका संस्कार शिबिराला पाठवलं होतं. नाव घेत नाही. दिवसाला तीन व्याख्यानं! कष्टाचं महत्त्व यावर दीड तास भाषण आणि मुलांच्या उष्ट्या ताटल्या धुवायला दोन पगारी बायका. पोरगं काय शिकलं असेल ते तुम्हीच ताडा. तेव्हा विचारा, ताट कोण धुतं? झाडतं कोण? मुलगेही झाडतात ना? आणि मोकळा वेळ किती? सगळे तास गच्च भरलेले असतील, तर तो दुसरा क्लासच समजा. आपल्याकडेही चांगली उदाहरणं आहेत बरं का. बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तिथं मोठी मुलं-मुली मे महिन्याच्या उन्हात कुदळ-फावडं हातात घेतात. आणि नांदेडच्या बायांना मी काय सांगू, आपल्या गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये एक दिवस मुलीला भांडी घासायला घेऊन जा. लाखांच्या मोटारीतून उतरलेली माणसं तिथं शेजारी बसून घासत असतात.

सामानात फार काही नको. रोजच्या वापरातले सुती कपडे, जुनेच. एक अंथरूण-पांघरूण, टोपी किंवा मोठा रुमाल, पाण्याची बाटली, स्वतःचं ताट-वाटी-पेला, त्यावर नाव घालून. टॉर्च. पाळीच्या दिवसांचं सामान, ते दिवस नसले तरी. एक डबा धपाट्यांचा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा, पण एकटीपुरता नाही, खोलीतल्या सगळ्यांना पुरेल एवढा. पहिल्या रात्री मुली रडतात, तेव्हा डबा उघडला की ओळखी होतात. मोबाइल मागितला तर शिबिराचा नियम काय आहे ते बघा. ठेवून घेत असतील तर फारच उत्तम. पहिले दोन दिवस तुम्हालाच जड जातील, तिला नाही.

माझं म्हणाल, तर अलिबाग सुटल्यावर कितीतरी वर्षांनी, मुलं मोठी झाल्यावर, मी घरात एक गोष्ट सुरू केली. रविवारी संध्याकाळी गॅस पेटवायचा नाही. शनिवारीच धपाटे करून ठेवते, दोन दिवस सहज टिकतात. दही, चटणी, कांदा. पहिल्या रविवारी आमचे हे दोनदा स्वयंपाकघरात डोकावून गेले, मला ताप आहे का बघायला. तिसऱ्या रविवारी शनिवारचं पीठ मळायला लेकाला बसवलं. धपाटे जगाच्या नकाशासारखे झाले. सुनेनं ते निमूट खाल्ले, म्हणाली, ‘आई, पुढच्या शनिवारी तिखट थोडं कमी.’

त्या आजी आता नाहीत. १९४८ नंतर त्यांच्यातली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, इथं काही हजारच माणसं उरली असतील. अलिबागच्या इस्राएल आळीत आता पूर्वीसारखी वर्दळ नाही. त्यांची नात कुठं आहे, हे मला ठाऊक नाही. पण शनिवारी धपाट्यांचं पीठ भिजवताना मला दर वेळी ती ओढणी कमरेला बांधलेली पोर दिसते.

भगिनी, मुलगी शिबिराहून आली की पहिल्या आठवड्यात तिनं काय काय केलं, ते जरूर कळवा. केर काढला तर काढू द्या. ‘राहू दे बाई, तू अभ्यास कर’ असं म्हणून हातातली केरसुणी काढून घेऊ नका. पुढल्या अंकात साखरांब्याचा पाक का कडक होतो, हे बऱ्याच जणींनी विचारलं आहे, त्याविषयी लिहीन.